दर पावसाळ्यात गळणारा स्कायलाइट: पाणी नेमकं कुठून शिरतंय ते कसं शोधायचं

जिन्यावर, डक्टवर किंवा वरच्या मजल्याच्या पॅसेजवर उजेडासाठी बसवलेला स्कायलाइट काही पावसाळे काढले की गळायला लागतो. पुण्यातल्या बंगल्यांत आणि रो-हाउसमध्ये पुढचा क्रमही ठरलेला असतो. जूनमध्ये थेंब पडतात, कोणीतरी वर चढून सिलिकॉनची नळी रिकामी करतं, उरलेला पावसाळा बरा जातो आणि पुढच्या जूनमध्ये थेंब पुन्हा त्याच जागी, नाहीतर वीतभर बाजूला. यात दोष सिलिकॉनचा नसतो. पाणी कुठून शिरतंय हे न शोधताच ते लावलेलं असतं, आणि बहुतेक वेळा जुन्या सिलिकॉनवरच लावलेलं असतं.

हे लिहिताना तीन प्रकार डोळ्यांसमोर आहेत: लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेली काच, एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडाच्या, सांगाड्यावर टाकलेली पॉलिकार्बोनेटची शीट, आणि वर उघडणारं झाकण. पेठांमधल्या कौलारू घरांत जे काचेचं कौल असतं त्याची गोष्ट वेगळी. ते गळलं तर सिलिकॉन लावू नका. शेजारच्या कौलांतला कचरा काढून ते नीट सरकवून बसवा, चीर गेली असेल तर बदला.

आधी खालूनच बघा: लक्षणं

वर चढण्याआधी दोन-तीन पावसांत खालून नोंद ठेवा. थेंब किती वाजता सुरू झाला, पाऊस थांबल्यावर किती वेळ चालू राहिला, वारा कुठून होता. या तीन गोष्टींवरून अर्धं निदान होतं.

- पाऊस सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटांत थेंब आणि पाऊस थांबताच बंद: काचेचा सांधा, स्क्रू किंवा शीटची कड. पाणी थेट येतंय.
- पाऊस लागून तास-दोन तास झाल्यावर सुरू आणि उघडीप पडल्यावरही दिवसभर चालू: कोबा (गच्चीवरचा वॉटरप्रूफिंगचा थर), कट्टा म्हणजे स्कायलाइटभोवतीची बुटकी भिंत, तिचा गिलावा, किंवा वाटा, म्हणजे कट्टा आणि गच्चीच्या कोनातला सिमेंटचा गोलवा. पाणी आधी मुरतंय, मग उतरतंय. इथे काचेवर कितीही सिलिकॉन लावा, फरक पडणार नाही.
- फक्त वाऱ्याच्या पावसात, तेही पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या बाजूला: चौकटीखालची फट किंवा शीटचं उघडं टोक. पुण्यात मोसमी वारा त्याच दिशेने येतो. वळवाला मात्र दिशेचा नेम नाही, म्हणून मे महिन्यात एका कोपऱ्यात गळणारा स्कायलाइट जुलैत दुसऱ्याच कोपऱ्यात गळू शकतो. त्या वेळी दोन दोष आहेत असं समजा.
- रिमझिम पावसात कोरडं, धो धो पावसात धार: कुठेतरी पाणी तुंबतंय.
- पाऊसच नाही आणि सकाळी काचेच्या आतून सगळीकडे बारीक थेंब: तो घाम आहे, गळती नाही.
- खाली पडणारं पाणी तपकिरी: लोखंडी पाइपच्या आतून येतंय. छतावर पांढरे क्षार फुटलेत: पाणी काँक्रिटमधून येतंय.

एक गोष्ट कायम लक्षात असू द्या. थेंब पडतो तिथे छिद्र असतंच असं नाही. पाणी चौकटीच्या आतल्या कडेने वाहत सगळ्यात खालच्या कोपऱ्यापर्यंत जातं आणि तिथून सुटतं. पाणी शिरण्याची जागा जवळजवळ नेहमीच थेंबाच्या वरच्या उताराला असते.

चढण्याआधी

थेंब दिव्याच्या, पंख्याच्या किंवा स्विचबोर्डच्या जवळ पडत असेल तर त्या भागाचा एमसीबी आधी खाली करा. शेवाळलेल्या गच्चीवर ओल्यात जाऊ नका. आधी शेवाळ खरवडून काढा आणि गच्ची वाळू द्या. पॉलिकार्बोनेट किंवा फायबरच्या शीटवर पाय, गुडघा, हात, कशाचाही भार टाकू नका. उन्हाने जुनी झालेली शीट वरून धड दिसते आणि एका पावलात फुटते, आणि खाली जिन्याची पूर्ण उंची असते. बाजूला उभं राहून हात पोचत नसेल तर ते काम तुमचं नाही.

१. घाम आहे का गळती, हे ठरवा

खर्च शून्य. टिश्यू पेपरच्या पट्ट्या आतून चौकटीच्या कडेला चिकटपट्टीने लावा, दर वीतभर अंतरावर एक, आणि काही मधल्या काचेवरही. सकाळी मधल्या पट्ट्याही सारख्याच ओल्या असतील तर घाम आहे. फक्त कडेच्या एक-दोन ओल्या असतील तर गळती आहे, आणि जागाही साधारण कळली.

डिसेंबर-जानेवारीत पुण्यातल्या रात्री गार असतात आणि एकेरी काच किंवा लोखंडी चौकट घरातल्या हवेपेक्षा पटकन थंड होते. स्वयंपाकघराची आणि न्हाणीघराची वाफ जिन्यातून वर चढते आणि तिथे थेंब धरते. यावर उपाय हवा खेळती ठेवणं, एक्झॉस्ट लावणं आणि जिन्यात कपडे वाळत न घालणं. घामाला गळती समजून काच उचकटली की चांगला सांधा उगीच बिघडतो, म्हणून ही तपासणी पहिली.

२. कचरा काढा, वीप होल मोकळी करा

एक जुना दात घासायचा ब्रश, बारीक तार आणि बादलीभर पाणी. चौकटीच्या वरच्या अंगाला पानं, कबुतरांची घाण आणि धूळ साचून गच्च थर होतो. तो स्पंजसारखा पाणी धरतो आणि उताराने निघून गेलं असतं ते पाणी सांध्यावर तासन् तास उभं राहतं. जवळ गुलमोहर किंवा पिंपळ असेल तर हा थर वर्षात दोनदा काढावा लागतो, एकदा मेअखेर आणि एकदा गणपतीच्या आसपास.

ॲल्युमिनियमच्या चौकटीला खालच्या कडेला बाहेरून लहान भोकं किंवा चिरा असतात, त्यांना वीप होल म्हणतात. काचेच्या रबराला चुकवून थोडं पाणी चौकटीत शिरणारच असं धरूनच ती ठेवलेली असतात. ती बुजली की चौकटीची खोबण पाण्याने भरते आणि पाणी आतल्या काठावरून घरात सांडतं. धो धो पावसातच गळणारे स्कायलाइट बऱ्याचदा एवढ्यानेच थांबतात.

आणि इथेच सगळ्यात जास्त दिसणारी चूक: गळती थांबवायला आलेला माणूस बाहेरून दिसेल ते प्रत्येक भोक सिलिकॉनने बंद करतो, वीप होलसकट. पाण्याची बाहेर जायची वाटच बंद झाली की ते आत येतं. खालच्या कडेला सिलिकॉनचे गोल ठिपके दिसले तर ते टोकदार ब्लेडने काढा, तार घालून भोक मोकळं करा आणि वरून तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर येतंय का पाहा. भोकं मुळातच नसतील तर सगळ्यात खालच्या कडेला ६ मिमीची दोन पाडता येतात, पण ड्रिल काचेच्या कडेला लागणार नाही याची खात्री करून. टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेच्या कडेला ड्रिलचा नुसता टोला बसला तरी अख्खी काच चुरा होते.

३. पाण्याच्या नळीची परीक्षा, खालून वर

ही परीक्षा कोरड्या दिवसांत करायची आणि दोन माणसं लागतात: एक वर, एक खाली, दोघांत फोन चालू. नळीला नोझल लावू नका. जोराच्या फवाऱ्याने चांगल्या सांध्यातूनही पाणी घुसतं आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसता. पाणी नुसतं वाहतं ठेवा. नळी नसेल तर बादली-तांब्यानेही जमतं, वेळ जास्त लागतो एवढंच.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी फक्त कट्ट्याच्या पायाशी, म्हणजे गच्ची आणि स्कायलाइटभोवतीची बुटकी भिंत जिथे भेटतात तिथे, पंधरा मिनिटं. मग कट्ट्याच्या उभ्या बाजूंवर दहा मिनिटं. मग चौकट आणि कट्टा यांच्यामधल्या सांध्यावर. मग काचेच्या खालच्या कडेला, दोन्ही बाजूंना आणि सगळ्यात शेवटी वरच्या कडेला. दर टप्प्यानंतर पाच मिनिटं थांबा. ज्या टप्प्यात आत पाणी आलं तिथे थांबा, कारण दोष त्या पातळीवर आहे. उलट, वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच सांध्यांवरून वाहतं आणि खालच्या माणसाला थेंब दिसला तरी तो कुठल्या सांध्याचा हे कळत नाही.

पंधरा मिनिटांत काहीच आलं नाही म्हणून कट्ट्याचा पाया निर्दोष ठरत नाही. मुरून येणाऱ्या पाण्याला तास लागतात. त्याची वेगळी परीक्षा शेवटी दिली आहे.

निकाल चौकटीच्या चित्रावर पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढच्या दुरुस्त्या त्यावरूनच ठरतात.

४. स्क्रू आणि वॉशर

पॉलिकार्बोनेटच्या शीटमध्ये गळतीचं पहिलं ठिकाण स्क्रूच असतात. कारण साधं आहे. पॉलिकार्बोनेट तापमानाच्या दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०६५ मिमी वाढतं, लोखंड फक्त ०.०१२ मिमी. म्हणजे ३ मीटरची शीट ४० अंशांच्या फरकात जवळजवळ ८ मिमी लांब होते आणि खालचा पाइप दीडच मिमी. मे महिन्याची दुपार आणि पावसाळी पहाट यांत तापलेल्या शीटला एवढा फरक सहज पडतो. शीटमध्ये भोक स्क्रूएवढंच पाडलं असेल तर दर दिवसाला स्क्रू ते भोक ओढून लांबट करतो, कडेला केसासारख्या चिरा जातात आणि पाणी येतं.

प्रत्येक स्क्रूपाशी बघा. वॉशरचं रबर कडक होऊन तडकलंय का? वॉशर वाटीसारखा वाकलाय का? म्हणजे स्क्रू वाजवीपेक्षा घट्ट पिळलाय. बोटाने फिरतोय का? म्हणजे ढिला आहे. बरोबर बसलेल्या स्क्रूखाली रबर कडेने किंचित फुगलेलं दिसतं आणि शीट सपाट राहते, दबत नाही.

दुरुस्ती अशी: एकेक स्क्रू काढा, सगळे एकदम नाही. साडेपाच मिमीच्या स्क्रूसाठी शीटमधलं भोक ९ ते १० मिमी करा. खाली ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारं) रबर असलेला, किमान २५ मिमी व्यासाचा वॉशर घाला. रंगवलेल्या लोखंडावर साधा स्क्रू वर्षभरात गंजतो, म्हणून स्टेनलेसचा घ्या. वॉशर, ईपीडीएमच्या पट्ट्या आणि ताडपत्री हे सगळं रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला मिळतं. जुना वॉशर नमुन्याला बरोबर न्या. साधं काळं रबर ईपीडीएम म्हणून घेऊ नका, ते उन्हाने दोन-तीन वर्षांत भेगाळतं. स्क्रूच्या डोक्यावर सिलिकॉनचा गोळा थापणं म्हणजे दुरुस्ती नाही. शीट सरकते, गोळा सुटतो, आणि त्याच्याखाली साचलेलं पाणी स्क्रू आणखी गंजवतं.

५. उघडणारं झाकण असेल तर रबर

झाकण बंद करताना कागदाची पट्टी मध्ये धरा आणि ओढा. चारही बाजूंना सारख्या जोराने अडकली पाहिजे. जिथे सहज सुटते तिथे रबर दबून चपटं झालंय किंवा बिजागरी सैल आहे. आधी बिजागऱ्या आणि कडी आवळून पुन्हा बघा, मगच रबर बदला. नवीन रबर त्याच जाडीचं घ्या. जाड घेतलं तर बिजागरीच्या बाजूला झाकण टेकतच नाही. रबराचा जोड कधीही कोपऱ्यात किंवा खालच्या कडेला ठेवू नका. तो वरच्या उताराच्या बाजूलाही नको, बाजूच्या कडेच्या मध्यावर ठेवा.

६. काचेचा सांधा: जुनं पूर्ण काढून नवीन

नळीच्या परीक्षेत काचेच्या कडेला पाणी आलं तरच इथे हात घाला.

आधी एक रचनेतला दोष बघून घ्या, तो असेल तर सिलिकॉन टिकणारच नाही. उताराच्या खालच्या कडेला ॲल्युमिनियमची पट्टी काचेच्या वर उभी राहिलीय का? तशी असली तर ती बांधासारखी पाणी अडवते, तिथे ५-१० मिमीचं तळं होतं आणि सांधा दिवसचे दिवस पाण्याखाली राहतो. धुळीची एक तपकिरी रेघ काचेवर त्या पाण्याची पातळी अगदी स्पष्ट दाखवते. यावर उपाय म्हणजे त्या पट्टीला दोन-तीन ठिकाणी खाचा करून पाण्याला वाट देणं, किंवा काचेपासून पट्टीच्या माथ्यापर्यंत सिलिकॉनचा उतार भरून पाणी पट्टीवरून जाईल असं करणं.

सिलिकॉन कुठलं हे दुकानात विचारून घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते ॲसिटिक सिलिकॉन. ते स्वस्त असतं, पण काँक्रिटला नीट धरत नाही, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याला गंज आणतं, पॉलिकार्बोनेटला केसचिरा पाडू शकतं आणि लॅमिनेटेड काचेच्या (दोन काचा मध्ये प्लॅस्टिकचा थर घालून चिकटवलेल्या) मधल्या थराला कडेने खराब करतं. स्कायलाइटला न्यूट्रल सिलिकॉनच लागतं. नळीवर तसं लिहिलेलं असतं.

हिशोब असा: ४ फूट बाय ४ फूट काचेचा परिघ ४.९ मीटर. सांधा ८ मिमी रुंद आणि ६ मिमी खोल धरला तर सुमारे २३५ मिली माल लागतो. २८० मिलीच्या नळीत तो जेमतेम बसतो, कारण थोडा वाया जातोच. दोन नळ्या घेऊन ठेवा. मध्येच माल संपून दुसऱ्या दिवशी जोड दिला तर तिथेच पुढे फट होते.

जुनं सिलिकॉन धारदार ब्लेडने दोन्ही बाजूंनी कापून ओढून काढा. मग पातळ फिल्मसुद्धा खरवडा. बोट फिरवल्यावर रबरासारखं काही लागलं तर अजून शिल्लक आहे. हीच पायरी लोक टाळतात, आणि वाळून पक्क्या झालेल्या जुन्या सिलिकॉनला नवीन सिलिकॉन भरवशाने धरत नाही. पॉलिकार्बोनेटवर धातूचं ब्लेड नको, प्लॅस्टिकची खरवडणी वापरा. थिनर आणि पेट्रोल तर अजिबात नको, शीट पांढुरकी होऊन तडकते. साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. दोन फडकी ठेवा: एक ओलं, लगेच मागोमाग कोरडं. नुसतं ओलं फडकं फिरवून ते उडू दिलं तर मळ परत तिथेच बसतो.

सांधा खोल असेल तर तळाशी फोमची दोरी, म्हणजे बॅकर रॉड, दाबून बसवा. ती फटीपेक्षा थोडी जाड हवी, १० मिमीच्या फटीला १२-१३ मिमीची. तिचं काम फक्त भराव करणं नाही. सिलिकॉन दोन्ही बाजूंना चिकटलं पाहिजे आणि तळाला मोकळं राहिलं पाहिजे, तरच ते ताणता येतं. तळालाही चिकटलं की काच सरकताच मधून फाटतं.

दोन्ही कडांना मास्किंग टेप लावा, नळीचं तोंड तिरकं कापा आणि न थांबता एक सलग रेघ ओढा. लगेच चपट्या काडीने दाबून गुळगुळीत करा, म्हणजे माल बाजूंना घट्ट बसतो. साबणाचं पाणी लावलेलं बोट फिरवायची पद्धत आहे, पण ते पाणी न भरलेल्या बाजूला गेलं तर पुढे तिथे सिलिकॉन धरणार नाही. टेप सिलिकॉनवर साय धरायच्या आत काढा, म्हणजे दहा मिनिटांच्या आत. नंतर काढली की कड उचकटते. सिलिकॉन दिवसाला साधारण २-३ मिमीच आतपर्यंत पक्कं होतं, म्हणून पहिले २४ तास पाऊस नको आणि नळीची पुन्हा परीक्षा तीन-चार दिवसांनी. काम सकाळी करा. एप्रिलच्या दुपारी चौकट हाताला चटका बसेल इतकी तापलेली असते, सिलिकॉन पटकन साय धरतं आणि दाबायला वेळच मिळत नाही.

७. पोकळ पाइपमध्ये साचलेलं पाणी

एमएसच्या चौकोनी पाइपच्या सांगाड्यात हा दोष हमखास नजरेतून सुटतो. वेल्डिंगच्या जोडात टाचणीएवढी छिद्रं राहिलेली असतात. पावसाचं पाणी त्यातून पाइपमध्ये शिरतं, खाली जायला वाट नसते, आणि उन्हं पडल्यावरही तीन-चार दिवस एका जोडातून तपकिरी थेंब पडत राहतो. घरातल्यांना वाटतं स्लॅब गळतोय.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पाइपवर वरून खालपर्यंत टकटक करा. रिकामा पाइप घणघणतो, पाणी भरलेला बद्द वाजतो. जिथे आवाज बदलतो तिथवर पाणी आहे. सगळ्यात खालच्या टोकाला, खालच्या बाजूने ६ मिमीचं भोक पाडा आणि खाली बादली धरा. ते भोक कायम उघडं ठेवा. मग वरच्या वेल्डिंगवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून छिद्रं मेटल एपॉक्सीने भरा आणि त्यावर रेडऑक्साइड व ऑइलपेंट द्या. पाइप बोटाने दाबल्यावर दबत असेल किंवा ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं तर आतून कुजलाय. तो सांगाडा बदलायचा.

८. शीटचा उतार, टोकं आणि भिंतीची बाजू

उतार किमान ५ अंश हवा, म्हणजे मीटरला साधारण ९ सेंमी. फोनमधल्या लेव्हलने बघता येतं. त्याहून कमी असेल तर दोन शीटच्या जोडावर पाणी रेंगाळतं आणि वारा ते उलटं ढकलतो.

आत उभ्या नळ्या असलेली मल्टिवॉल शीट असेल तर नळ्या उताराच्या दिशेनेच हव्यात. वरचं टोक ॲल्युमिनियमच्या टेपने बंद, खालचं टोक हवा जाईल पण किडे-धूळ जाणार नाही अशा टेपने बंद. नळ्यांत हिरवट शेवाळ दिसत असेल तर वरची टेप गेली आहे. खालचं टोक सिलिकॉनने बुजवलं असेल तर आतलं पाणी अडकून तिथेच राहतं.

शीट पॅरापेटच्या किंवा घराच्या भिंतीला टेकते ती बाजू सगळ्यात कमजोर. तिथे रंगावरच पट्टी चिकटवून वर सिलिकॉन मारलेलं असतं, रंग सुटला की पट्टीसकट सगळं सुटतं. खरं काम असं: भिंतीच्या गिलाव्यात आडवी २५ मिमी खोल खाच कापायची, पत्र्याच्या फ्लॅशिंगची, म्हणजे सांधा झाकणाऱ्या पट्टीची, कड वळवून तिच्यात घालायची, खाच पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने भरायची आणि फ्लॅशिंग शीटवर किमान १५० मिमी येऊ द्यायचं. ग्राइंडर आणि उंची दोन्ही आहेत, त्यामुळे सवय नसेल तर हे फॅब्रिकेटरकडून करून घ्या, पण खाच कापून घेतलीच पाहिजे.

९. चौकट, कट्टा आणि कोबा

चौकट कट्ट्याच्या बाहेर २५-४० मिमी आली पाहिजे आणि तिची कड खाली वळलेली पाहिजे, म्हणजे पाणी तिथूनच सुटून पडतं. चौकट कट्ट्याच्या बाहेरच्या बाजूशी समतल किंवा आत असेल तर पाणी खालून वळून फटीत जातं. हा दोष ५० मिमीच्या ॲल्युमिनियमच्या एल-पट्टीने बऱ्यापैकी सुटतो. पट्टी चौकटीला रिव्हेट करायची, भिंतीपासून सुमारे १० मिमी लांब ठेवायची, वरची कड सील करायची आणि खालची उघडी सोडायची.

मग कट्ट्याची उंची मोजा. तयार गच्चीपासून १५० मिमी हवी. जुन्या घरांत सुरुवातीला ती असतेही, पण एकदा कोब्यावर दुसरा कोबा, मग चायना मोझॅक, असं करत गच्ची वर येते आणि कट्टा तीन बोटं उरतो. जोराच्या पावसात गच्चीवरचं उडणारं पाणीच चौकटीखाली जातं. सगळे सांधे ठीक असूनही गळणारा स्कायलाइट दिसला की आधी इंचपट्टी लावा.

कट्टा आणि गच्ची यांच्या कोनात सिमेंटचा गोलवा असतो, तो वाटा. त्यावर नाण्याने टकटक करा. बद्द आवाज आला किंवा आडवी भेग दिसली तर वाटा सुटलाय. खात्रीसाठी कट्ट्याभोवती फूटभर अंतरावर मातीचा किंवा वाळूच्या पिशव्यांचा बांध घाला, आत २५ मिमी पाणी भरून ४८ तास ठेवा. चौरस मीटरला २५ किलो भार होतो, त्यापेक्षा खोल भरू नका. स्लॅबला खालून भेगा किंवा गंजाचे डाग असतील तर ही परीक्षा करूच नका. खाली ओल उमटली तर काम वॉटरप्रूफिंगचं आहे: कट्ट्याभोवती ३०० मिमी रुंदीत फोडून नवीन वाटा, त्यावर दोन घटकांच्या पॉलिमर सिमेंट कोटिंगचे दोन हात, मध्ये फायबरची जाळी, आणि कोटिंग कट्ट्यावर थेट चौकटीखालपर्यंत चढवलेलं. कोटिंग लावायच्या आधी पृष्ठभाग कोरडा आहे का ते बघा. दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली थेंब असतील तर अजून वाळू द्या.

कुठे थांबायचं

- छताचे पोपडे पडताहेत, सळई दिसतेय किंवा गंजाचे लांब डाग आहेत. हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघायचं, वॉटरप्रूफिंगवाल्याने नाही.
- स्कायलाइटसाठी सोडलेल्या उघड्या जागेच्या कोपऱ्यांतून स्लॅबमध्ये तिरकी भेग गेलीय आणि तिच्यात नख अडकतं, किंवा ती दर वर्षी वाढतेय.
- काचेला चीर आहे, किंवा लॅमिनेटेड काच कडेने दुधाळ होऊन थर सुटताहेत. काच उचलायचं धाडस करू नका. १२ मिमी काच चौरस मीटरला ३० किलो भरते, ४ बाय ४ फुटांची जवळजवळ ४५ किलो. डोक्यावरच्या नव्या काचेसाठी लॅमिनेटेडच मागा.
- पाणी वायरिंगच्या पाइपमधून येतंय. आधी इलेक्ट्रिशियन.
- गच्ची सोसायटीची आहे. कोबा फोडण्याआधी कमिटीला लेखी कळवा आणि लेखी उत्तर घ्या.
- मन लावून दोनदा दुरुस्ती केली आणि तरी त्याच जागी येतंय.

फॅब्रिकेटर दोष कोब्याला देतो आणि वॉटरप्रूफिंगवाला चौकटीला. नळीच्या परीक्षेचं पेन्सिलीने टिपलेलं चित्र आणि थेंबांच्या वेळा त्यांच्यासमोर ठेवा, आणि ज्याला बोलवाल त्याच्याकडून दुरुस्तीनंतर तीच परीक्षा, तुमच्यासमोर, पैसे देण्याआधी करून घ्या.

ऐन जुलैत धार लागली तर

ओल्यावर सिलिकॉन मारू नका, ते धरत नाही आणि ऑक्टोबरमध्ये खरवडण्याचं काम दुप्पट होतं. तासभर उघडीप मिळाली आणि जागा फडक्याने, मग हेअर ड्रायरने कोरडी करता आली तर सांध्यावर ब्यूटाइल टेप दाबून बसवा, ती मोसमभर टिकते. तेही जमत नसेल तर ताडपत्री टाका. चारही बाजूंना स्कायलाइटपेक्षा ६० सेंमी मोठी, मध्ये लाकडाच्या दांडीने उंच केलेली म्हणजे पाणी साचणार नाही, आणि कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबलेल्या. चौकटीवर विटा ठेवू नका आणि खिळे मारू नका. वाऱ्याच्या उलट्या बाजूची कड थोडी सैल सोडा, नाहीतर खाली घाम धरतो. कायमची दुरुस्ती पाऊस संपून आठ-दहा दिवस सलग ऊन पडल्यावर.